थंड हवेकडे नेणारे खांदे

मे महिना जवळ आला की घराघरांत एकच विषय निघतो – यंदा कुठं जायचं? महाबळेश्वर, माथेरान, सिमला, उटी, दार्जिलिंग ही नावं ठरलेली असतात. वाद होतो तो खर्चाचा आणि आरक्षणाचा. पण ही यादी आपल्या हाती आली कुठून, हे आपण सहसा विचारत नाही.

आपले पणजोबा उन्हाळ्यात घराबाहेर पडत नव्हते असं नाही. लग्नकार्य, आजोळ, जत्रा, देवदर्शन यांसाठी ते निघतच. परंतु केवळ हवा थंड आहे म्हणून डोंगरावर जाऊन राहायचं, ही चाल काश्मीरला जाणारे मोगल बादशहा सोडले, तर आपल्याकडे रुजवली ती इंग्रजांनी.

कारण साधं होतं. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ताप, आमांश, पटकी यांनी बेजार झालेल्या गोऱ्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना हवापालटासाठी उंच जागा हव्या होत्या. १८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन निलगिरीवर चढला आणि पुढं उटी वसलं. १८३५ मध्ये कंपनीनं सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंग घेतलं. १८६४ पासून तर सिमला ही सरकारची उन्हाळ्यातली राजधानीच झाली.

आपल्याकडे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा मिळवली आणि बदल्यात खंडाळा हे गाव दिलं. कृष्णेच्या उगमाचं क्षेत्र म्हणून यात्रेकरू तिथं आधीपासून जातच होते. नवी पेठ मात्र माल्कमच्या नावानं वसली. माथेरानकडे सरकारचं लक्ष वेधलं ते ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं, १८५० मध्ये.

आता यातली एक बाजू आपल्या सहलींच्या माहितीपत्रकांत येत नाही. साहेब डोंगरावर गेला, तो बहुधा स्वतःच्या पायांनी नव्हे. घोडं नसेल तिथं पालखी, डोली किंवा खुर्ची असे आणि ती भोयांच्या खांद्यावर असे. महाबळेश्वरात चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग होता. तिथले बरेचसे रस्ते त्या कैद्यांनी केले, बटाट्याचे मळे पिकवले, वेताच्या कामाची कला मागं ठेवली. आज आपण ज्या रस्त्यांनी फिरायला निघतो, त्यांची सुरुवात अशी आहे.

१९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं नेरळहून माथेरानला छोटी रेल्वे नेली आणि घाट चढण्याचे कष्ट पुष्कळ कमी झाले. पण वर पोहोचल्यावर काय? माथेरानात मोटारींना मज्जाव आहे. त्यामुळे झाडी टिकली, लाल मातीच्या वाटा शांत राहिल्या, ही मोठी कमाई. मात्र मोटारीचं ओझं माणसावर आलं. प्रवाशाला बसवून हातरिक्षा ओढणारी माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राबत राहिली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करावी आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करावं, असा आदेश दिला. या दोन्ही गोष्टींची सांगड महत्त्वाची. नुसती रिक्षा थांबली आणि चूल विझली, तर तो न्याय कसला?

म्हणून या उन्हाळ्यात ठिकाण निवडताना हवा, हॉटेल आणि भाडं यांच्या जोडीला आणखी एक चौकशी करावी. तिथं आपलं सामान कोण वाहतं, आपल्याला कोण फिरवतं, आणि त्याला त्याचा पुरता मोबदला मिळतो का? घासाघीस करायचीच असेल, तर ती त्याच्याशी करू नये. दोनशे वर्षं आपल्याला थंड हवेपर्यंत याच माणसांनी पोहोचवलं आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)