विसाव्या वर्षीचा रुग्ण

हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आता कॉलेजच्या मुलांच्या दवाखान्याचा वेगळा विचार कशाला, असा एक पक्ष आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात एकदम दहा वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोली होते. त्याआधी 15 ऑगस्ट 2023 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालयांतले उपचार मोफत झाले होते. पूर्वपक्ष म्हणतो: विशीतली मुले मुळात आजारी पडत नाहीत. पडलीच तर तज्ज्ञ जिल्ह्यातच आहेत. कॉलेजने वर्षाला एक आरोग्य शिबिर घ्यावे, प्रथमोपचार पेटी ठेवावी, पुरे झाले. डॉक्टर कमी आणि गरजू फार, तेव्हा बाळंतिणी आणि म्हातारी माणसे आधी, ही त्यामागची काळजी खरी आहे. तिचा मान राखूनच मला हा पक्ष चुकीचा वाटतो.

पहिले गृहीतकच टिकत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कॉलेजच्या मुली याच वयोगटात येतात. मानसिक आजारांचे म्हणाल, तर जगभरच्या 192 अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसले की ज्यांना हे आजार होतात त्यांच्यापैकी सुमारे 62 टक्के लोकांत ते वयाच्या पंचविशीआधीच सुरू होतात. 2022 साली महाराष्ट्रात 1,764 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या वर्षी देशात हा आकडा सर्वांत मोठा होता. ज्या वयाला आपण निरोगी म्हणून सोडून देतो, त्याच वयात हे घडते आहे.

आता शिबिराकडे वळू. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी 1909 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात सुरू झाली. त्यानंतर 37 वर्षांनी देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने लिहिले की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. सुरुवात झाली होती, ती पुढे रुजली नाही. आजच्या शिबिरातही तेच होते. मुलीचे हिमोग्लोबिन आठ निघते, कार्डावर लिहिले जाते, लोहाच्या गोळ्या हातात पडतात. त्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात. मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून ती आठवड्यात सोडून देते. महिन्याभराने तिला परत बोलावणारे, पाळीत जास्त जाते का हे विचारणारे, दुसऱ्यांदा रक्त तपासणारे कोणी नसते. उपचार खरे तर तिथून सुरू व्हायचे असतात.

आरोग्यसेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी पाहावा, हे अवेदिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये मांडले. आपण रचनेवर थांबतो: इमारत, खाटा, जागा. विद्यार्थ्याच्या बाबतीत सगळे अडते ते प्रक्रियेत. सकाळची ओपीडी आणि कॉलेजचे तास एकाच वेळी असतात. दुपारी थांबावे, तर सेनगाव-औंढ्याकडची एसटी चुकते. केसपेपरच्या खिडकीवर काय होतंय हे सर्वांदेखत सांगावे लागते, आणि रांगेत गावचे कोणीतरी असतेच. मग पाळी चुकलेली मुलगी, रात्र-रात्र झोप नसलेला मुलगा, दोघेही डोके दुखते म्हणून सांगतात आणि पॅरासिटामॉल घेऊन परततात. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. गर्भपाताच्या कायद्यातही 18 पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची संमती पुरते. पण दार बंद होईल अशी खोलीच नसेल, तर हे हक्क वापरायचे कुठे?

आणखी एक फट आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयासाठी, बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 पर्यंत. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी दोन्हींच्या बाहेर. तिला दवाखान्याची बंदी नाही, पण तिची वाट पाहणारेही कोणी नाही.

प्रत्येक कॉलेजला डॉक्टर द्या, असे मी म्हणत नाही. ते परवडणार नाही, हा पूर्वपक्षाचा मुद्दा मान्य. पण नव्या वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्राचा विभाग असतो आणि समाजात जाऊन शिकवणे हेच त्याचे काम. त्याने हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या कॉलेजांसाठी आठवड्यातली एक दुपार ठरवून द्यावी. डॉक्टर तोच, परिचारिका तीच, बंद दाराची एक खोली, नोंद विद्यार्थ्याच्या हातात. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलेच आहे. तो त्याच खोलीत बसावा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर असावा.

शिबिराला किती मुले आली, हा आकडा दरवर्षी छापून येतो. त्याऐवजी जूनमध्ये रक्तक्षय आढळलेल्या किती मुलींचे हिमोग्लोबिन डिसेंबरपर्यंत वाढले, हा आकडा कॉलेजांनी जाहीर करावा.