मोकळं आणि मोकाट

'मोकाट' म्हटलं की गुरं नाहीतर कुत्री आठवतात, आणि हा शब्द बहुतेक वेळा तक्रारीतच येतो. जागेला मात्र आपण 'मोकळी' म्हणतो, तेव्हा त्यात कौतुक असतं. मालक शेजारी उभा आहे पण गळ्यातला पट्टा सोडलेला आहे, अशा कुत्र्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द नाही. त्यालाही आपण मोकाटच म्हणतो. मुंबईत हा पट्टा जिवाशी जोडला गेला तो कंपनी सरकारच्या काळात. बेवारशी कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या लोभाने पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली आणि जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. घरचं कुत्रं कोणतं आणि रस्त्यावरचं कोणतं, हे ठरवण्याचा या शहरातला झगडा इतका जुना आहे.

पट्टा सोडायची जागा मात्र दूर कॅलिफोर्नियात जन्मली, आणि तिची कुळकथा नीट पाहिली तर मुंबईतल्या दिंडोशीला श्वान उद्यानासाठी तिच्यातून बरंच घेता येईल. बर्कलीच्या मतदारांनी १९६६ मध्ये जादा कर सोसून आपल्या गावातून जाणारी 'बार्ट' रेल्वे जमिनीखालून न्यायला लावली. बोगद्यासाठी घरं पाडली गेली, आणि काम झाल्यावर वर एक लांबट पट्टी उरली. रहिवाशांनी तिथे झाडं लावली, ती बाग म्हणून धरून ठेवली. तेच पुढे ओलोनी पार्क झालं, आणि १९७९ मध्ये त्याच्या एका भागाला कुंपण घालून प्रयोग म्हणून कुत्र्यांना मोकळं सोडायला परवानगी मिळाली. जगातलं पहिलं श्वान उद्यान म्हणून ते ओळखलं जातं. त्यासाठी मुलांचं मैदान कापलं नव्हतं. दुसऱ्या कामातून सुटलेली, इमारत न पेलणारी जमीन शोधली होती. माझा मुद्दा एवढाच आहे की श्वान उद्यानाची जमीन अशीच शोधायची असते, आणि मुंबईला हे तंत्र नवं नाही. मलबार हिलचं हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर वसलं आहे. माटुंग्याच्या उड्डाणपुलाखालच्या बागेत २०१६ पासून लोक फेऱ्या मारताहेत.

दिंडोशीत पहिली नजर जाते ती सोसायटीच्या आरजीवर, म्हणजे खेळायला-फिरायला राखलेल्या मोकळ्या जागेवर. मृणाल गोरे, बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने १९७६ च्या जमीन कमाल धारणा कायद्याखालच्या अतिरिक्त जमिनीवर सामान्य माणसांसाठी इथे हजारो घरं उभी केली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार दहा हजार चौरस मीटरवरच्या लेआऊटमध्ये पंचवीस टक्के जागा आरजी म्हणून सोडावी लागे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोहिनूर या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात बजावलं की ही किमान जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही. इतक्या कष्टाने राखलेली आरजी मुलांची आणि म्हाताऱ्यांची आहे. तिच्यातून वाफा तोडून कुत्र्यांना देणं मला पटत नाही.

दुसरी नजर जंगलाकडे जाते, आणि ती तर मुळीच जाऊ नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या वस्तीत बिबट्या पाहुणा नाही, शेजारी आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की इथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सुमारे चाळीस टक्के आहे, वर्षाला जवळपास दीड हजार कुत्री. माणसाच्या उंचीचं कुंपण बिबट्याला अडवत नाही. शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग रानातल्या मांजरकुळाला लागतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांनी त्याची किंमत मोजली. म्हणून जागा डोंगराच्या पायथ्याला नको, द्रुतगती मार्गाच्या बाजूला हवी: नाल्याकडेची पट्टी, रस्तारुंदीकरणातून उरलेला त्रिकोण, पुलाखालचा तुकडा. बर्कलीची रेल्वे जमिनीखाली गेली, दिंडोशीची मेट्रो २०२२ पासून डोक्यावरून धावते, त्यामुळे आपल्याला अखंड पट्टी मिळणार नाही. तुकड्यांवरच भागवावं लागेल. वेळ दिवसाउजेडीची, आणि लसीकरणाचा दाखला पाहिल्याशिवाय प्रवेश नाही.

माणसांना पाय ठेवायला जागा नाही आणि कुत्र्यांना बाग कसली, हा आक्षेप खरा आहे. तो झटकून टाकता येणार नाही. पण पाळलेली कुत्री आजही फिरतातच, फुटपाथवर, लिफ्टमध्ये, त्याच आरजीच्या कडेने. एक कुंपण घातलं तर नवा हक्क निर्माण होत नाही, रोजची गर्दी विभागली जाते, आणि ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याची वाट मोकळी होते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय, असंही विचारलं जाईल. त्यांचा प्रश्न निर्बीजीकरणाचा आणि खाऊ घालण्याच्या ठरलेल्या जागांचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जागा नेमायला सांगितलं. श्वान उद्यान त्याला उत्तर नाही, आणि तसं सांगून ते कोणी विकू नये. उलट जागा निवडताना तिथे कोणत्या टोळीची हद्द आहे ते आधी बघावं, नाहीतर पहिल्याच सकाळी कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी भुंकाभुंक सुरू होईल.

खर्चाच्या यादीत एक गोष्ट मात्र कापू नये: दुहेरी फाटक. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मधल्या दोन पावलांच्या चौकटीत मालक वाकतो, कडी सोडतो, कुत्रं अंग झटकतं, आणि मग आतलं दार उघडतं.