अंधारी खोली, कवडसे आणि पहिला कॅमेरा

'कॅमेरा हा शब्द अरबी आहे आणि कॅमेऱ्याचा शोध इब्न अल-हैसम यांनी लावला' असा संदेश वर्षातून दोन-तीनदा तरी आपल्या मोबाईलवर येतो. आपण तो अभिमानाने पुढे पाठवतो. दोन्ही विधाने अशी सरळ मांडली तर चुकीची आहेत. खरा इतिहास मात्र अधिक उपयोगाचा आहे. तो नीट समजला, तर 'मी पहिला कॅमेरा कोणता घेऊ?' या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच मिळते.

आधी शब्दाकडे पाहू. 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द आहे. त्याचे मूळ ग्रीक असून अर्थ कमानदार छताची खोली असा होतो. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी खोली, हे नाव केप्लरने १६०४ मध्ये वापरले. त्याच शब्दाचे पोर्तुगीज रूप जहाजांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरले आणि हिंदी-उर्दूत 'कमरा' झाले. म्हणजे 'कमरा' आणि 'कॅमेरा' हे भाऊ खरेच, पण त्यांचे घराणे अरबी नाही.

आता इब्न अल-हैसम. जन्म बसऱ्यात साधारण ९६५ चा, मृत्यू काहिरात १०४० च्या सुमारास. बारीक छिद्रातून उजेड आला की समोर प्रतिमा उमटते, हे चीन आणि ग्रीसमधल्या विचारवंतांनी त्यांच्या कित्येक शतके आधी पाहिले होते. इब्न अल-हैसम यांचे मोठेपण वेगळे आहे. त्यांनी प्रयोग करून कारण शोधले. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, ही जुनी समजूत त्यांनी सात भागांच्या 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात खोडून काढली. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्यांनी मांडले. ग्रहणावरच्या एका स्वतंत्र लेखात त्यांनी दाखवले की छिद्र लहान असेल तर ग्रासलेल्या सूर्याची कोर स्पष्ट उमटते, आणि छिद्र मोठे केले की ती कोर हरवते.

आपल्याला हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. कौलांच्या वेड्यावाकड्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल का असतात? कारण ती सूर्याची चित्रे असतात. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात जिथे ऊन होते, तिथे झाडांखालचे हेच कवडसे कोरीसारखे झाले. कॅमेऱ्यातले 'ॲपर्चर' म्हणजे हेच छिद्र. फरक एवढाच, की आता पुढे भिंग असते आणि मागे भिंतीऐवजी सेन्सर.

प्रतिमा टिकवण्याची युक्ती १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या काळच्या नामवंत छायाचित्रकारांत डॉ. नारायण दाजी होते. ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, आणि हे घराणे मूळचे पेडण्यातल्या मांद्र्याचे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरचे. तेव्हा काचेवर रसायन लावून ते ओले असतानाच फोटो काढावा आणि धुवावा लागे. उन्हाळ्यात हाताशी जेमतेम काही मिनिटे असत. हवामान हे तेव्हाही फोटोग्राफरचे पहिले दुखणे होते.

फोटो जायज की नाजायज, हा वादही जुना आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच मत दिले, की फोटो म्हणजे नवी निर्मिती नव्हे, केवळ सावली धरून ठेवणे. सर्व उलेमांना ते पटले नाही. आजही मतभेद आहेत आणि ज्याने त्याने आपल्या विश्वासू आलिमांना विचारावे. पण जुना कागद, मशिदीचा शिलालेख किंवा घराचा दरवाजा यांचा फोटो काढायला या वादाची अडचण नाही. आणि आपल्या किनाऱ्याला नेमकी त्याचीच गरज आहे.

१६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत मराठा आरमाराचे नेतृत्व करणाऱ्या दौलतखानाला आपण ओळखतो ते कागदांमुळे. पेटीतले मोडी, उर्दू, फारसी कागद मात्र दर पावसाळ्यात बुरशी आणि वाळवीच्या तोंडी जातात. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक चित्रप्रती १८६६ च्या लंडनमधील आगीत जळाल्या. एकाच ठिकाणी ठेवलेली एकच प्रत अशी जाते.

म्हणून कॅमेरा घेण्याआधी कशाचे फोटो काढायचे ते ठरवा. कागद हलत नाही. खिडकीजवळचा मंद उजेड, तिपाई आणि फ्लॅश बंद, एवढ्यावर काम होते. 'ए-४' आकाराच्या पानाची चांगली छपाईयोग्य प्रत करायला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात, तेव्हा मोठ्या आकड्यांना भुलू नका. सेन्सर आकाराने मोठा असेल तर कमी उजेडात दाणेदारपणा कमी येतो. हा फरक मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचा. १८-५५ भिंगाचा वापरलेला डीएसएलआर किंवा मिररलेस नवशिक्याला पुष्कळ झाला. तारकर्लीच्या पाण्याखाली न्यायचा असेल, तर किती मीटर खोलीपर्यंत चालतो हे लिहिलेला वॉटरप्रूफ कॅमेराच घ्या.

जुना कॅमेरा घेताना भिंगातून टॉर्च मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे, सौदा सोडा. एफ-१६ वर पांढऱ्या कागदाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसेल. घरी चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. वाळू आधी हवेच्या फुग्याने उडवा, नंतरच पुसा. नाहीतर भिंगावर ओरखडे पडतील. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच राहू द्या, म्हणजे भिंगावर दव धरणार नाही.

शेवटचे काम फुकटचे आहे, पण तेच सगळ्यात जास्त राहून जाते. प्रत्येक फोटोसोबत कागद कोणाकडचा, गाव कोणते आणि तारीख काय, हे लिहा, आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. हे जमले, की इब्न अल-हैसम यांचे नाव अभिमानाने घ्यायला आपल्याला चुकीच्या संदेशाची गरज उरणार नाही.