कलेच्या पोटापाण्याचा हिशेब

एखादे मूल सुरेख चित्र काढते, एखादीच्या भरतकामाची सारी आळी वाखाणणी करते. कौतुकात आपण कोणी मागे राहत नाही. परंतु तेच मूल मोठे होऊन "मी यावरच पोट भरीन" असे म्हणू लागले, की घरातली वडीलधारी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. त्यांची काळजी खोटी नसते. अंगी गुण असणे निराळे आणि त्या गुणावर संसार चालविणे निराळे. आपल्या खानदेशातील तीन कलावंतांची चरित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर या भेदाचा चांगला उलगडा होतो.

पहिल्या अर्थातच बहिणाबाई चौधरी. जळगावजवळील असोदे गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख नाही, ऐन तारुण्यात वैधव्य, पदरी मुले आणि शेताचे न संपणारे काम. अशा दिवसांत जात्यावर नि शेताच्या बांधावर त्यांना गाणी सुचत गेली. चिरंजीव सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेवली, म्हणूनच ती वाचली. बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या; गाण्यांचे पुस्तक निघाले १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे ज्या हातांनी शेत राखले त्याच हातांनी काव्यालाही पोसले. काव्याने मात्र त्या हातांवर हयातीत एक पैसाही ठेवला नाही.

दुसरे चाळीसगावचे केकी मूस. त्यांचा जन्म १९१२ चा, मुंबईचा. घरचे दुकान चाळीसगावी होते. वडील वारल्यावर आईने दुकान सांभाळले आणि मुलाला कलाशिक्षणासाठी विलायतेस जाऊ दिले. १९३८ च्या सुमारास ते परतले, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे त्यांनी बहुतेक घराच्या चार भिंतींतच काढली. मेजावर वस्तू मांडून, प्रकाशाची योजना करून त्यांनी जी छायाचित्रे काढली, त्यांना देशोदेशी पारितोषिके मिळाली. १९८९ च्या अखेरच्या दिवशी ते गेले. त्यांच्या तपश्चर्येला तोड नाही. तथापि त्या तपश्चर्येच्या पायाशी एका माउलीने चालविलेले दुकान होते, हे आपण स्त्रियांनी तरी विसरू नये.

तिसरे शिल्पकार राम सुतार. कलेलाच धंदा करून दाखविला तो त्यांनी. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी एका गरीब सुतारकाम करणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्यांचे कसब ओळखले व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा मार्ग दाखविला. तेथे १९५३ साली त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले. पण पदकाने चूल पेटत नाही. त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली आणि १९५४ ते १९५८ या काळात अजिंठा-वेरूळच्या जुन्या शिल्पांची डागडुजी केली. त्यानंतर दिल्लीस माहिती व नभोवाणी खात्यात काम मिळाले. मात्र १९५९ साली, घरी लहान मूल असताना, त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला व स्वतंत्र शिल्पकार म्हणून व्यवसाय मांडला.

हे धाडस आंधळे नव्हते. वेरूळच्या कातळाने त्यांचा हात तयार झाला होता. चंबळेवरील गांधीसागर धरणापाशी त्यांनी काँक्रीटच्या एकसंध ठोकळ्यातून ४५ फुटी मूर्ती कोरून काढली. चंबळ ही माता आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही तिची दोन लेकरे, अशी ती कल्पना. या कामाने त्यांचे नाव झाले. संसद भवनाच्या आवारात १९९३ साली बसविलेला ध्यानस्थ गांधीजींचा १६ फुटी पुतळा त्यांचाच. सातपुड्यापलीकडे, नर्मदेकाठी २०१८ साली उभी राहिलेली सरदार पटेलांची १८२ मीटर उंच मूर्तीही त्यांच्याच आराखड्यावरून झाली. तोवर चिरंजीव अनिल त्यांच्या जोडीने काम पाहत होते. घरची कार्यशाळा आता दोन पिढ्यांची झाली होती. शंभरी पूर्ण करून डिसेंबर २०२५ मध्ये राम सुतार निवर्तले.

पुतळ्याचा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नव्हे. आधी लहान नमुना करावा, तो गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरावा, मग मोठ्या मापाची मातीची मूर्ती, तिचा साचा, आणि अखेर धातूचे ओतकाम. प्रत्येक पायरीवर माती, धातू व कारागिरांची मजुरी यांचा हिशेब ठेवावा लागतो. शिवाय एक काम संपून दुसरे येईपर्यंतचे दिवस घरच्यांनाच निभावून न्यावे लागतात. महिन्याच्या पगारात हे रिकामे दिवस नसतात. स्वतंत्र कलावंताच्या आयुष्यात ते असतातच.

भगिनींनो, तिघांपैकी एकाचीही कला फुकट वाढलेली नाही. बहिणाबाईंची किंमत त्यांच्या स्वतःच्या कष्टांनी चुकविली, मूसांची आईच्या दुकानाने, आणि सुतारांची आधी नोकरीने व मग कलेनेच. म्हणून मुलीने वा मुलाने कलेची वाट धरली, तर नुसते "नको" म्हणू नये आणि नुसते कौतुकही करू नये. हात कितपत तयार झाला आहे, पहिली एकदोन वर्षे घर कशावर चालेल, कामाचा दर काय घ्यावा, हे सर्वांनी बसून ठरवावे.

आणि आपण स्वतःही एक पथ्य पाळावे. कोणाकडून रांगोळी, मेंदी, भरतकाम वा निमंत्रणपत्रिकेचे चित्र करून घेतले, तर "घरचीच तर आहे" म्हणून मोबदला टाळू नये. ठरलेले पैसे वेळेवर द्यावेत व कामाखाली तिचे नाव घालावे. बहिणाबाईंना जे हयातीत लाभले नाही, ते आपल्या शेजारच्या लेकीला देणे तर आपल्या हाती आहे.