लपण, कादंब आणि शेताचा मालक

प्रशासनाचा इतिहास आपण बहुधा महसूल, न्याय आणि पोलीस या तीन खात्यांतून वाचतो. शिकार हा विषय त्यात आलाच तर वाघ आणि व्हाइसरॉय यांच्या छायाचित्रांपुरता येतो. झाशी परिसरात सरकारी कामानिमित्त मला अनेकदा जावे लागले. त्या निमित्ताने बुंदेलखंडाची शेती आणि तिथले तलाव पाहत असताना वाघाच्या शिकारीपेक्षा एक फारच साधी शिकार मला अधिक बोलकी वाटली. ती म्हणजे कापणी झालेल्या शेतात दबा धरून केलेली रानहंसांची शिकार. या शिकारीचा खर्च कोण सोसत असे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे.

प्रथम पक्ष्यांविषयी. हिवाळ्यात उत्तर भारतात प्रामुख्याने दोन जातींचे हंस येतात. एक पट्टकादंब, ज्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात आणि ज्याला उत्तरेत सवन असेही म्हणतात. दुसरा राखी रंगाचा कलहंस. पट्टकादंब तिबेट, लडाख, मंगोलिया येथील उंचावरच्या सरोवरांकाठी वीण घालतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. दिवसाचा बराच काळ तो नदीच्या वाळूत किंवा तलावाच्या काठी विसावतो आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत शेतांत चरतो. झाशीच्या आसपास त्याला दोन्ही गोष्टी मिळत. ओरछाच्या उदितसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला बरुआसागर तलाव होताच. १८८०च्या दशकात बेतवा नदीवर पारीछा येथे बंधारा झाला आणि कालव्याचे पाणी आले. १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात झाशी शिंद्यांकडून इंग्रजांकडे आली. लष्करी छावणी होती, पाठोपाठ रेल्वे आली. पाणी, धान्य, पक्षी आणि बंदूक बाळगणारा रिकामा अधिकारी अशा चारही गोष्टी एका ठिकाणी जमल्या.

कादंब मोठा सावध पक्षी. थवा चरत असताना त्यातील काही पक्षी मान उंच करून पहारा देतात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्यांना जवळजवळ चहूकडचे दिसते. रंगापेक्षा हालचाल त्यांना लवकर खटकते. त्यामुळे मोकळ्या रानात बंदुकीच्या टप्प्यात पोहोचणे अवघड असते. यावर तोडगा म्हणजे लपण. ज्वारी कापल्यावर उरलेल्या धसकटांत छातीइतका खोल खड्डा खणायचा, वर आलेली ओली माती दूर नेऊन टाकायची, कारण ताज्या मातीचा ढीग पक्ष्याला लगेच दिसतो. कडेला त्याच शेतातील धसकटे आणि कडबा लावायचा, आणि उजाडण्यापूर्वी आत उतरून चेहरा खाली ठेवून बसायचे. दुसरा उपाय बैलगाडीचा. शेतकरी, त्याची घोंगडी, त्याचे बैल यांची पक्ष्यांना सवय झालेली असते. म्हणून गाडीच्या आडून किंवा शेतकऱ्याच्या वेशात पुष्कळ जवळ जाता येते. बुजगावणे माणूस नसताना माणूस असल्याचा भास निर्माण करते. शिकाऱ्याची सारी धडपड याच्या नेमकी उलट असते.

येथे शेतीचे वेळापत्रक ध्यानात घेतले पाहिजे. बुंदेलखंडात गहू आणि हरभरा मार्च-एप्रिलमध्ये काढला जातो. तोवर बहुतेक कादंब परतीच्या वाटेला लागलेले असतात. तेव्हा कापणी झालेले शेत म्हणजे खरिपाचे: नोव्हेंबर-डिसेंबरातील ज्वारीचे किंवा भाताचे. त्या शेतात सांडलेले दाणे पक्ष्यांनी वेचले तर कुणाचेच नुकसान नाही. पुढे हाच थवा हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या कोवळ्या पात्यांवर उतरतो, तेव्हा नुकसान होते. पण कोवळ्या पिकात खड्डा खणणे म्हणजे पीकच मोडणे. म्हणजे लपण तिथे सोयीचे जिथे शेतकऱ्याला मदतीची गरज नाही. आणि जिथे गरज आहे तिथे लपण शक्य नाही. 'आम्ही रयतेचे पीक वाचवतो' या युक्तिवादात किती तथ्य होते, याचा अंदाज वाचकांनी यावरून करावा.

मग शेतकऱ्याने स्वतः बंदूक का चालवू नये? उत्तर १८७८च्या शस्त्र कायद्यात आहे. भारतीयाला परवाना सक्तीचा. युरोपियनांना मात्र नियमांन्वये सूट. मार आणि काबर या काळ्या जमिनींत काँस गवत माजलेले, वरचेवर दुष्काळ, सावकारी कर्ज इतके वाढलेले की १९०३ साली बुंदेलखंडासाठी जमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा कुळाने परवाना आणि बंदूक यांसाठी पैसा आणायचा कोठून? तो रात्री शेकोटी पेटवून आणि डबे वाजवून राखण करी.

लपण्याच्या विद्येत साहेबांपेक्षा तरबेज असा आणखी एक वर्ग होता: पारधी. फासेपारधी शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून सरकत पक्ष्यांच्या आणि हरणांच्या जवळ जात आणि त्यांना फाशांकडे वळवीत. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगयेच्या अनेक प्रकारांचे वर्णन आहे. म्हणजे ही विद्या एके काळी राजदरबारात सन्मानाची होती. इंग्रजी अमलात काय झाले? १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली अधिक विस्तारला आणि फासेपारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. एकच कौशल्य खड्ड्यातल्या अधिकाऱ्याच्या अंगी असले की मर्दानी खेळ, आणि बैलाआडच्या पारध्याच्या अंगी असले की संशयाचे कारण.

सर्वच अधिकारी केवळ नेमबाज होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. झाशीहून फार दूर नसलेल्या इटाव्याचे जिल्हाधिकारी राहिलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह १८७९ ते १८८१ या काळात शिकारी पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. भारतातील शेती सुधारणेवरील त्यांची पुस्तिकाही १८७९चीच. काँग्रेसच्या स्थापनेतील त्यांचा वाटा सर्वज्ञात आहे. पक्षी आणि रयत या दोहोंकडे पाहणारा असा अधिकारी विरळा.

कायद्याची दृष्टी मात्र तोकडी राहिली. १८८७चा वन्य पक्षी संरक्षण कायदा नगरपालिका आणि छावणी यांच्या हद्दीत, विणीच्या हंगामात मारलेले पक्षी बाळगण्या-विकण्यावर बंदी घालण्याची मुभा देत होता. कादंबाची वीण तिबेटात; आपल्याकडे तो असतो तेव्हा विणीचा हंगामच नसतो. पाहुण्या पक्ष्याला त्या कायद्याचा उपयोग जवळपास शून्य. १९१२च्या कायद्याने प्रांतांना बंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला. पण मोठ्या शिकारी थांबल्या नाहीत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी टिपले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही लहान शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. खेळ म्हणून शिकारीची वाट १९९१च्या दुरुस्तीने बंद झाली. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, पण त्या बंदुकीने संरक्षित पक्षी मारता येत नाही.

बंदी योग्यच झाली. परंतु जमाखर्चाची एक बाजू अजून कोरी आहे. मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी आपण २०१८ ते २०२३चा राष्ट्रीय कृती आराखडा केला. २०२० साली गांधीनगरला स्थलांतरित प्रजातींची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. आराखड्यांचा भर पाणथळ जागांवर असतो, आणि तो असावाही. पण कादंब तलावावर झोपतो आणि शेतात जेवतो. उजनी-जायकवाडीच्या काठचा शेतकरी असो वा बेतवेकाठचा, हरभऱ्याची ती पाती त्याच्या खिशातून जातात. जो पक्षी तिबेटापासून महाराष्ट्रापर्यंत साऱ्यांचा, त्याच्या पोषणाचा भार एका गटक्रमांकाच्या मालकाने का उचलावा? सार्वजनिक वस्तूची किंमत सार्वजनिक तिजोरीतून द्यावी, हा आमच्या शास्त्रातला प्राथमिक नियम आहे. पीक पाहणीच्या नोंदीत पक्ष्यांनी खाल्लेल्या क्षेत्राचा एक रकाना घातला, तर निदान रक्कम किती हे तरी कळेल, आणि ती कोणी द्यायची हा वाद त्यानंतर आकड्यांच्या आधारे घालता येईल.