मोटारींवरील शोभेचे दिवे आणि कायदा

चेन्नईसह देशातील अनेक शहरांत मोटारींच्या पुढे, मागे किंवा तळाशी रंगीत एलईडी दिवे बसवण्याची हौस दिसून येते. असे दिवे बाजारात सहज मिळत असले, तरी रस्त्यावर त्यांचा वापर कायदेशीर ठरतोच असे नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार वाहनाच्या पुढील बाजूस लाल, तर मागील बाजूस लालखेरीज अन्य रंगाचा प्रकाश दाखवण्यास मनाई आहे. वाहनाच्या आतील दिवे, पिवळसर दिशादर्शक आणि वाहन मागे घेताना लागणारा पांढरा दिवा यांना यातून सूट आहे. अंधारात लाल दिव्यावरून वाहनाची मागील बाजू ओळखता येते. शोभेच्या दिव्यांमुळे ही खूण फसवी ठरल्यास अपघाताचा धोका संभवतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ अन्वये, परवानगी नसलेले भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हा केंद्रीय कायदा असल्याने महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या वाहनालाही चेन्नईत याच तरतुदी लागू होतात.