सार्थवाह चुमा

आम्ही शाळेंत आफ्रिकेच्या शोधाचा धडा शिकवीत असतां लिव्हिंग्स्टनवर तास खर्ची घालीत असूं व चुमास ‘विश्वासू चाकर’ एवढ्या दोन शब्दांत वाटेस लावीत असूं. ती चूक सुधारण्याकरितां, सेवानिवृत्तीनंतर करी रोड येथील घरीं बसून हें टिपण लिहीत आहों.

चुमा हा याओ जातीचा. सन १८६१ मध्यें गुलामांच्या तांड्यांतून त्याची सुटका झाली. सन १८६४ मध्यें लिव्हिंग्स्टननें ‘लेडी न्यासा’ ही लहान आगबोट झांजीबाराहून मुंबईस आणिली. अडीच हजार मैलांच्या त्या सफरीस ४५ दिवस लागले. बोटीवर चुमा व सुसी हे दोघे होते. चुमास डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेवण्यांत आलें. जानेवारी १८६६ मध्यें हे दोघे परत आफ्रिकेस निघाले. नाशिकजवळील शरणपूरचे नऊ मुक्त आफ्रिकी तरुणही त्यांच्या सोबत होते.

मे १८७३ मध्यें चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला. आतां हुकूम देणारा कोणी उरला नव्हता. मंडळींनीं त्याचें हृदय झाडाखालीं पुरलें. देह वाळवून झाडाच्या सालींत व शिडाच्या कापडांत गुंडाळला. मागाहून येऊन मिळालेला शरणपूरचा जेकब वेनराइट यानें प्रार्थना म्हटली व झाडावर अक्षरें कोरलीं. उन्यान्येंबे येथें कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्यानें देह तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला. तो त्यांनीं मानला नाहीं. पुढें प्रेतास वाट मिळेना, तेव्हां त्यास कापडाच्या गठ्ठ्याचें रूप देऊन ते चालले, आणि सुमारें हजार मैल तुडवून फेब्रुवारी १८७४ मध्यें बागामोयोस पोंचले. एप्रिलांत वेस्टमिन्स्टर येथें दफन झालें, त्या वेळीं वेनराइट हजर होता. चुमा व सुसी यांस विलायतेस नेलें तें मागाहून.

कोणी म्हणेल, हें स्वामिनिष्ठेचेंच उदाहरण झालें. परंतु सन १८७९ च्या मोहिमेकडे पाहावें. तिचा नायक कीथ जॉन्स्टन वाटेंतच वारला व धुरा २१ वर्षांच्या थॉमसनवर पडली. तांड्याचा मुख्य चुमा होता. न्यासा व टांगानिका हीं सरोवरें गांठून तांडा सन १८८० मध्यें परतला. येथें जुना स्वामी नव्हता. होती ती चुमाची स्वतःची विद्या. सन १८८२ मध्यें तो निवर्तला.

वाट, पाणी, धान्य व सोबत्यांचे प्राण ज्याच्या शिरावर असतात, त्यास संस्कृतांत ‘सार्थवाह’ म्हणतात. चुमास तोच शब्द शोभतो. मुंबई व नाशिक येथील शाळांचीं जुनीं दप्तरें शिल्लक असल्यास तीं या दृष्टीनें तपासावीं, अशी अभ्यासकांस आमची विनंति आहे.